रानात बार उडाला तर

बंदूक बाळगावयाची तर परवाना लागतो, ही गोष्ट अमडापूरच्या बाजारातला कोणताही माणूस सांगेल. परंतु ती बंदूक विनापरवाना कोणाजवळ आहे, किंवा कोणी ती बेकायदा उडविली आहे, हे ज्याला कळले त्याच्या शिरावरही कायद्याने एक कर्तव्य ठेवले आहे, ही गोष्ट क्वचितच कोणाच्या ध्यानी असते. शस्त्र अधिनियम, १९५९ याच्या ३६ व्या कलमाचा आशय असा की, या अधिनियमाखालचा गुन्हा घडल्याचे ज्या कोणास ठाऊक असेल त्याने, वाजवी सबब नसेल तर, नजीकच्या पोलीस ठाण्याच्या अंमलदारास अथवा अधिकारक्षेत्र असलेल्या दंडाधिकाऱ्यास त्याची खबर दिली पाहिजे. आणि आपल्याजवळ सबब होती हे शाबीत करण्याचा भार सरकारवर नसून गप्प बसणाऱ्यावर आहे. त्याच कलमाचा दुसरा भाग तर आगगाडी, जहाज, मोटार अशा कोणत्याही वाहनावर काम करणाऱ्या इसमास उद्देशून आहे: मार्गस्थ असलेल्या पेटीत वा गाठोड्यात बेकायदा शस्त्रे असल्याचा संशय येण्यास कारण असेल तर त्याने तो नजीकच्या ठाण्यास कळवावा. म्हणजे चिखलीहून अमडापूरमार्गे खामगावास जाणाऱ्या एस. टी. च्या वाहकावरही, तिकिटे फाडण्याखेरीज, ही एक जबाबदारी आहे.

अमडापूर हे बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातले, टेकडीवरच्या बल्लाळदेवीमुळे पंचक्रोशीत ख्यात असलेले गाव. त्यास स्वतःचे पोलीस ठाणे आहे आणि त्या ठाण्याच्या हद्दीत आसपासची पुष्कळ खेडी येतात. सोयाबीन, तूर आणि हरभरा यांवर जगणाऱ्या या मुलुखात रात्री रानातून धडाका ऐकू आला, तर तो बंदुकीचाच असेल असे मुळीच नाही. रोही आणि रानडुकरे एका रात्रीत उभ्या पिकाची नासाडी करतात, म्हणून जागलीवर बसलेला शेतकरी सुतळी बॉम्ब लावतो. कोणी प्लॅस्टिकच्या नळीत कार्बाइडचा खडा आणि पाणी घालून वायूचा भडका उडवितो (२०२५ च्या दिवाळीत भोपाळ व आसपासच्या भागात याच नळ्यांनी अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, तेव्हा हे खेळणे नव्हे, हे एकदा स्पष्ट म्हटलेले बरे). आणि लग्नसराईत वरातीचे फटाके तर मध्यरात्रीपर्यंत चालू असतात. या सगळ्या गदारोळात खरोखरीचा बार सहज लपतो. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत वांद्र्यास माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तो दसऱ्याचा दिवस होता आणि जवळपास फटाके वाजत होते. गोळी झाडणाऱ्यास याहून सोयीचा पडदा कोणता? आणि ही युक्ती नवी मुळीच नाही, हे पुढे येईलच.

रानातल्या बाराचा आणखी एक अर्थ या भागात संभवतो. बुलढाणा आणि खामगाव यांच्या मधल्या डोंगरांत सुमारे २०५ चौरस किलोमीटरांचे ज्ञानगंगा अभयारण्य आहे. तेथे बिबटे आहेत, अस्वले आहेत, आणि यवतमाळच्या टिपेश्वराहून निघालेला एक तरुण वाघ शेकडो कोस तुडवीत २०१९ च्या अखेरीस येथेच येऊन पोचला होता. अशा रानाच्या कडेला ठासणीच्या बंदुकीचा आवाज झाला तर तो पीकरक्षणाचा की शिकारीचा, हे घरात बसून ठरविणे अशक्य आहे. सुदैवाने ते ठरविण्याचे काम ऐकणाऱ्याचे नाहीच. पोलिसांना ११२ वर आणि वनविभागाला १९२६ वर कळविले म्हणजे तो आवाज कोणत्या खात्याचा, हा निवाडा ती खाती आपापसांत करतात.

मग ऐकणाऱ्याने करावे काय? त्याने आपल्या कानाची साक्ष नीट जपावी. आवाज किती झाले, आणि दोन आवाजांमध्ये किती अवकाश होता, या दोन गोष्टींत अनुभवी तपासी अंमलदारास जेवढे कळते तेवढे पानभर तर्कांत कळत नाही. ठासणीच्या बंदुकीत दारू, बोळा आणि छर्रे गजाने ठासून पुन्हा टोपी बसवावी लागते, म्हणून तिच्या दोन बारांमध्ये अर्धा-पाऊण मिनिट तरी जातेच; दुनळी बारा बोअरचे दोन बार लागोपाठ होतात आणि मग खंड पडतो; एकच काडतूस घेणारा गावठी कट्टा प्रत्येक वेळी उघडून रिकामी पुंगळी काढावी लागते; आणि मॅगझीनचे पिस्तूल मात्र श्वास घेण्याच्या आत चार-पाच आवाज करून मोकळे होते. काळ्या दारूचा बार जड, घुमणारा असतो आणि मागे पांढरा धूर व गंधकाचा वास ठेवतो. रायफलीची गोळी ध्वनीच्या वेगाहून दुपटीने धावते, म्हणून ती जवळून गेली तर प्रथम चाबकासारखा कडाका आणि मग नळीचा आवाज, असे दोन निरनिराळे नाद ऐकू येतात. उजेडाचा लोळ दिसून मागाहून आवाज आला असेल तर मधले सेकंद मोजावेत: ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर चालतो, तेव्हा तीन सेकंदांस एक किलोमीटर हा हिशेब ढोबळमानाने पुरतो. दिशेविषयी मात्र अति विश्वास धरू नये; टेकड्यांच्या प्रदेशात प्रतिध्वनी भल्याभल्यांना फसवितो. ‘आवाज देवीच्या टेकडीकडून आल्यासारखा वाटला’ हे प्रामाणिक वाक्य आहे. ‘अमक्याच्या पोरानेच काढला असणार’ हे नाही. पहिले ठाण्यात सांगावे, दुसरे पारावरच राहू द्यावे.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. आवाजाच्या रोखाने बॅटरी घेऊन धावणे हे धाडस नव्हे. पत्र्याच्या भिंतीतून गोळी आरपार जाते, म्हणून विटांच्या किंवा दगडाच्या भिंतीआड बसावे, मुलांस खाली निजवावे, आणि मग फोन करावा.

खबर देण्याचे मार्ग तीन. पहिला सर्वांत जुना. वऱ्हाडातल्या गावगाड्यात पाटील आणि जागल्या हेच सरकारचे डोळे आणि कान होते. वतनदारी गेली, परंतु महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ याने नेमलेला पोलीस पाटील अद्याप आहे, आणि गावात घडलेल्या गुन्ह्याची वार्ता ठाण्यास पोचविणे हे त्याचे विहित काम आहे. त्याची नेमणूक महसूल खात्याचा उपविभागीय अधिकारी करतो. त्यामुळे तो पोलिसांचा नोकर नसतो आणि गावाचाही केवळ माणूस नसतो, आणि या दुहेरीपणातच त्याची उपयुक्तता आहे. ज्या बाईमाणसास ठाण्याची पायरी चढण्याचा संकोच वाटतो तिने पोलीस पाटलास सांगितले तर तो ती खबर ठाण्यास पोचवितो. दुसरा मार्ग ११२ या क्रमांकाचा: हा फोन चिखलीत वा बुलढाण्यात उचलला जात नाही, राज्याच्या मध्यवर्ती कक्षात, नवी मुंबईत किंवा नागपुरात, उचलला जातो आणि तेथून जवळच्या पोलीस वाहनास निरोप जातो. म्हणून फोनवर बोलताना ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढेच सांगून भागत नाही. अशी देवळे महाराष्ट्रात गावोगाव आहेत. गाव, तालुका, जिल्हा, आणि मग देऊळ, असा क्रम ठेवावा. तिसरा मार्ग म्हणजे सरळ ठाण्यात जाऊन ठाणेदारापुढे हजर होणे.

ठाण्यात गेल्यावर काय घडते हे माहीत नसल्यामुळे पुष्कळ माणसे दारातूनच परततात. वस्तुतः शस्त्र अधिनियमाखालचा प्रत्येक गुन्हा दखलपात्र आहे, असे त्याचे ३८ वे कलम स्पष्ट म्हणते. आणि दखलपात्र गुन्हा उघड करणारी माहिती मिळाली की ती नोंदवून घेतलीच पाहिजे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिताकुमारी खटल्यात घालून दिला. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाने आणखी दोन सोयी केल्या. गुन्हा कोणत्या ठाण्याच्या हद्दीत घडला हा वाद न घालता कोणत्याही ठाण्याने माहिती लिहून घ्यावयाची आहे, म्हणजे बार अमडापूरच्या हद्दीत उडाला आणि फिर्यादी चिखलीत असला तरी त्यास ‘तिकडे जा’ म्हणून वाटेस लावता येत नाही. आणि माहिती विद्युत-माध्यमाने पाठविली तरी चालते, मात्र तीन दिवसांच्या आत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. नुसता आवाज ऐकला, दुसरे काही दिसले नाही, अशा वेळी तत्काळ फिर्याद होईलच असे नाही; परंतु ठाणे दैनंदिनीत त्याची नोंद होते आणि बिट अंमलदार चक्कर मारून येतो. पुढे आठवड्याने काही घडलेच, तर ती एका ओळीची नोंद मोलाची ठरते.

एवढे असूनही लोक बोलत का नाहीत? भीती हे एक कारण झालेच. परंतु आमच्या मते याहून खोल गेलेले कारण इतिहासात आहे. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची आतषबाजी पुण्यास चालू असताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. सरकारने २० हजार रुपयांचे इनाम लाविले; द्रविड बंधूंनी खबर दिली; दामोदर चापेकर फाशी गेले; आणि फेब्रुवारी १८९९ मध्ये वासुदेव चापेकर व महादेव रानडे यांनी त्या द्रविड बंधूंस गोळ्या घातल्या. तेव्हापासून ‘पोलिसास खबर देणारा’ या माणसाच्या कपाळी मराठी मनाने जो डाग लाविला तो पुरता पुसला गेलेला नाही. त्या काळी तो अकारणही नव्हता: लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत झालेला १८७८ चा शस्त्रकायदा युरोपियनांस मोकळे सोडून हिंदी माणसाचे हात तेवढे बांधीत होता, आणि अशा कायद्याच्या चौकीदारीत भाग न घेणे यात स्वाभिमान होता.

परंतु तो कायदा आता राहिलेला नाही, आणि जो आहे तो आपणच विचारपूर्वक केला आहे. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये, मध्यप्रांत-वऱ्हाडातून गेलेले हरि विष्णु कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी सूचना मांडिली होती. तिच्यामागे १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावाचे बळ होते. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही, कारण असा हक्क दिला तर तो सज्जनाबरोबर दरोडेखोरासही द्यावा लागेल. स्वतंत्र देशाने शस्त्रावर नियंत्रण ठेविले ते प्रजेवर अविश्वास म्हणून नव्हे, प्रजेच्या संरक्षणासाठी. तेव्हा इनामाच्या आशेने क्रांतिकारकास पकडून देणारा आणि गल्लीत कट्टा मिरविणाऱ्या उनाडाविषयी ठाण्यात दोन वाक्ये सांगणारा यांस एकाच मापाने मोजणे हा निव्वळ आळस आहे.

शस्त्र बेकायदा केव्हा ठरते याविषयीही बरेच गैरसमज आहेत. विनापरवाना बंदूक नुसती जवळ असली तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन व जास्तीत जास्त पाच वर्षे कैद आणि शिवाय दंड आहे. ती तयार करणारा वा विकणारा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षेस पात्र होतो. उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याला, मध्य प्रदेशच्या सीमेवरील उमर्टी, पाचोरी अशा ठिकाणच्या भट्ट्यांतून आलेले कट्टे जळगाव आणि बुलढाणा जिल्ह्यांत पकडले जातात, तेव्हा कायद्याची ही दोन टोके एकाच वेळी लागू होतात. (त्या गावांतील प्रत्येक लोहारास गुन्हेगार समजण्याची आपल्या वर्तमानपत्रांची सवय मात्र निंद्य आहे.) दुसरीकडे, शेतकऱ्याची ठासणीची बंदूक ही काही सदैव चोरटी वस्तू नव्हे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी अशा बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद याच अधिनियमाच्या १३ व्या कलमात आहे. तथापि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रोही वा रानडुक्कर मारावयाचे तर वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली वनाधिकाऱ्याची स्वतंत्र परवानगी लागते.

आणि परवाना असला म्हणजे वाटेल तेथे बार काढावा, हाही भ्रमच. वरातीत, जत्रेत, देवळापुढे, दसऱ्याच्या शस्त्रपूजनानंतर, कोणी उमेदवार निवडून आला म्हणून आकाशात गोळी झाडणे याला २०१९ च्या दुरुस्तीने नाव घेऊन गुन्हा ठरविले आहे: अशा हर्षबाराने इतरांच्या जिवास वा सुरक्षिततेस धोका पोचला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आकाशात सोडलेली गोळी आकाशात राहत नाही, एवढे साधे पदार्थविज्ञान या उत्साही मंडळींस कोणी शिकविलेले नसते. १९२० च्या सुमारास अमेरिकन सैन्यातील ज्युलियन हॅचर या अधिकाऱ्याने फ्लॉरिडात प्रयोग करून पाहिले, तेव्हा सरळ वर उडविलेली रायफलीची गोळी परत येताना सेकंदास सुमारे ३०० फूट वेगाने खाली येते असे आढळले. कातडी भेदून जाण्यास याहून कमी वेग पुरतो. तिरपी झाडलेली गोळी तर याहून बराच अधिक वेग राखून दूरच्या अंगणात उतरते. नवरदेवाच्या काकाने परवान्याची बंदूक उडविली तर ते घरचे प्रकरण आहे असे मानणाऱ्यांनी मंडपाच्या कनातीपलीकडे झोपलेल्या शेजाऱ्याचा विचार करावा.

आता घटनास्थळाविषयी. सकाळी बांधावर पितळेची पुंगळी पडलेली दिसली तर तिला हात लावण्याचा मोह अनावर होतो. पोरे तर तिची शिटी करतात. ती उचलू नये. पुंगळीच्या बुडाशी असलेल्या टोपीवर बंदुकीच्या पिनेचा ठसा उमटलेला असतो, आणि जप्त केलेल्या शस्त्रातून प्रयोगशाळेत चाचणीचा बार काढून मिळालेल्या पुंगळीशी तो तुलना-सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहतात. गावठी कट्ट्याच्या नळीला आतून आटे नसतात, त्यामुळे गोळीवरच्या खुणांचा भरवसा कमी. तेथे हा पिनेचा ठसाच बोलतो. पुंगळीवर पालथे घमेले झाकावे, वर दगड ठेवावा, जनावरे तिकडून हाकू नयेत, आणि पोलीस येईपर्यंत कोणी तरी जबाबदार माणसाने तेथे बसावे. ठासणीच्या बंदुकीची पुंगळी नसते. परंतु तिच्या तोंडातून उडालेला जळका चिंधीचा वा कागदाचा बोळा काही हातांवर सापडतो, तोही मुद्देमालच आहे. पंचांसमक्ष पंचनामा होतो, वस्तू मोहोरबंद होऊन न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे रवाना होते; आणि नव्या संहितेप्रमाणे जप्तीचे चित्रीकरणही करावे लागते. कोणी मोबाइलवर बाराचे चित्रण केले असेल तर ते मूळ फोनमध्ये जसेच्या तसे ठेवावे; व्हॉट्सॲपच्या गटांत फिरविल्याने पुरावा पुसट होतो आणि गुन्हेगार सावध होतो. अर्थात हल्लीचे काही शूर वीर कट्ट्यासह आपले छायाचित्र स्वतःच स्टेटसला लावून पोलिसांचे श्रम वाचवितात, तो भाग निराळा.

राहता राहिली भीती. खबर कोठून मिळाली हे सांगण्यास पोलीस अधिकाऱ्यास वा दंडाधिकाऱ्यास भाग पाडता येत नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३१ व्या कलमात ते कायम आहे. तेव्हा फिर्यादी न होता गुप्त खबर देण्याची वाट उघडी आहे. फिर्यादी होऊन स्वाक्षरी केली, तर मात्र नाव कागदावर येते आणि पुढे साक्षीस उभे राहावे लागते. हा भेद आधीच समजून घ्यावा. खोटी खबर देऊन भाऊबंदकीचा जुना हिशेब चुकता करू पाहणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या २१७ व्या कलमाखाली स्वतःच आरोपी व्हावे लागते. चुकीची खबर आणि खोटी खबर यांत अंतर आहे; सुतळी बॉम्बला बंदूक समजून कोणी सद्भावनेने फोन केला, तर तो गुन्हा होत नाही.

ठाण्याने नोंद घेण्याचे नाकारले, तर तीच हकिकत लिहून बुलढाण्यास जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवावी. तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. नोंद झाली, तर तिची प्रत ठाण्याने फिर्यादीस विनामूल्य दिली पाहिजे आणि तपास कोठवर आला हे ९० दिवसांच्या आत त्यास कळविले पाहिजे. ही प्रत मागितल्याखेरीज ठाण्यातून उठू नये.